उभी रेघ

स्वारगेटच्या एसटी स्टँडजवळ एक पेंटर राहत होता. दुकानांच्या पाट्या रंगवून त्याने संसार केला. त्याचा मुलगा कॉलेजात पायथन शिकत होता.

एकदा समोरच्या चहावाल्याला गाड्यांच्या वेळांचा तक्ता हवा होता. बापाचा हात आताशा थरथरायचा. मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही राहू द्या. मी छापून देतो."

डावीकडे गाव, उजवीकडे वेळ. गावाच्या रकान्यासाठी मुलाने ‘रुंदी’ नावाचं चल केलं आणि त्यात 12 ठेवले. नाव आखूड असलं तर उरलेली जागा पायथनने कोऱ्या घरांनी भरायची होती. कागद छापून आला, तर कोल्हापूरची वेळ अलीकडे आणि फलटणची पार पलीकडे. त्याने रुंदी 15 केली, 20 केली. तक्ता सरकला, वाकडेपणाही त्याच्यासोबत सरकला. नावं इंग्रजीत, सारख्या रुंदीच्या टाइपात छापली, तेव्हा रांग सरळ आली. पण चहावाला म्हणाला, "माझ्या गिऱ्हाइकांना हे वाचता यायचं नाही रे."

रात्री मुलगा बोटांवर मोजत बसला. को, ल्हा, पू, र : चार. फ, ल, ट, ण : चार. पायथन मात्र कोल्हापूरचे नऊ मोजत होतं. युनिकोडमध्ये ओकार, काना, ऊकार, ल चा पाय मोडणारं चिन्ह, सगळ्यांना आपापला क्रमांक असतो. म्हणून 12 च्या रकान्यात कोल्हापूरपुढे तीन कोरी घरं पडत होती, फलटणपुढे आठ. मग त्याने अक्षरं मोजून घरं भरली. रांग सुधारली, तरी सरळ होईना. ल्हा ला जागा जास्त लागते, र ला कमी.

बाप उठला. त्याने जुन्या पाटीवर खडूने एक उभी रेघ मारली.

"मी अक्षरं कधी मोजली नाहीत बाळा. गावाचं नाव कितीही लांब असो, वेळ या रेघेवरच सुरू करायची. सगळ्यात लांब नाव दोऱ्याने मापायचं आणि रेघ त्याच्या पुढे मारायची."

मुलाने कोरी घरं भरणं सोडलं. फॉन्टमध्ये कोणतं नाव सगळ्यात जास्त जागा घेतं ते मापलं, त्याच्या पुढे रेघ धरली आणि प्रत्येक वेळ तिथूनच छापली.

पायथनने मोजणीत चूक केली नव्हती. मुलाने त्याला चिन्हं किती ते विचारलं होतं, आणि त्याला हवी होती जागा. ते ओळखायला पाट्यांवर आयुष्य घालवलेला माणूस घरातच होता.

सकाळी तक्ता लागला. एका आजीने फलटणवर बोट ठेवलं, ते आडवं नेलं, वेळ वाचली आणि पिशवी उचलून ती गाडीकडे निघाली.