दुसरी चढण

मुदखेडची जमीन सपाट. काळी माती, फुलांचे मळे, आदिलाबादकडे फुटणारा रेल्वेमार्ग. डोंगर चढायचा तर आपल्याला माहूर गाठावं लागतं. पण चढणीवर दम कसा लागतो, हे पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या इथल्या पोरांना सांगावं लागत नाही.

औरंगाबाद ग्रामीण पोलीस दलातले रफिक शेख 2014 साली एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले, तेव्हा हिमकडा कोसळला. 2015 साली गेले, तर नेपाळात भूकंप झाला. मे 2016 मध्ये ते माथ्यावर पोहोचले. लोक माथ्याचं कौतुक करतात. दोनदा हात हलवत परतल्यावर त्यांनी पुन्हा पाठपिशवी बांधली, ते मला जास्त मोठं वाटतं.

बायबलमधल्या मोशेची गोष्ट अशीच. आज्ञांच्या दगडी पाट्या घ्यायला तो पहिल्यांदा सीनाय पर्वतावर गेला, तेव्हा त्या देवानेच तयार करून दिल्या. चाळीस दिवसांनी खाली येतो, तर लोक सोन्याच्या वासराभोवती नाचताहेत. संतापाच्या भरात त्याने पाट्या पायथ्याशीच फोडल्या. गोष्ट सांगताना आपण बहुधा इथेच थांबतो. निर्गमाच्या 34व्या अध्यायात मात्र देव त्याला सांगतो, पहिल्यासारख्या दोन पाट्या आता तू घडव आणि सकाळी वर ये. ऐंशी ओलांडलेला म्हातारा. दगड शोधायचा, छिन्नी चालवायची, ते ओझं घेऊन तीच वाट चढायची. पहिल्या वेळी अंगात हुरूप होता. या वेळी खालच्या माणसांवरचा भरवसाही उडालेला. ख्रिस्ती श्रद्धेतली चिकाटी मला या दुसऱ्या चढणीत दिसते. कृपा देवाची, पण दगड तो आपल्याच हातून घडवून घेतो.

पंडिता रमाबाईंनी असे दगड आयुष्यभर घडवले. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती गेले. 1883 साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. 1893 साली धर्मांतराच्या आरोपांचं वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालक मुलींना घरी घेऊन गेले. दुसरं कुणी असतं तर तिथेच खचलं असतं. रमाबाई 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांच्या हातात. 1921 साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी काम चालूच राहिलं. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं.

पुन्हा उठायला मात्र कुणाचा तरी हात लागतो. मनाने हरलेला बायबलमधला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तेही दोनदा. त्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब पर्वतापर्यंत गेला. आपल्या घरातही भरतीतून, परीक्षेतून किंवा बुडालेल्या शेतातून परतलेलं कुणी असेल. त्याला जाब विचारू नका. आधी ताट वाढा, झोपू द्या, आणि तो पुन्हा निघेल तेव्हा त्याच्यासोबत उभे राहा.