पाटकरी

अण्णांनी तीस वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून काढली. पित्ताशयातला खडा सरकला, स्वादुपिंडाला सूज आली आणि त्यांना मिरजेला आणून दाखल केलं. सातव्या दिवशी सीटी स्कॅनमध्ये प्लीहेच्या शिरेत गुठळी दिसली. ही शीर स्वादुपिंडाच्या पाठीला चिकटून जाते. तिथे आग लागली की हिलाही झळ बसू शकते.

मुलगा हबकला. "म्याडम, रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्या की लगेच!"

"आज नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "स्वादुपिंडाचा रस शेजारच्या धमन्या कुरतडतो. त्यात रक्त पातळ केलं आणि एखादी फुटली, तर आवरणं अवघड. गुठळी या एकाच शिरेत आहे. सूज उतरली की पुष्कळदा वाट आपसूक मोकळी होते."

मुलगा व्हरांड्यात जाऊन दुसऱ्या दवाखान्यांना फोन लावू लागला. त्याला दोष कसा द्यावा? बाप कण्हत असताना औषध न देणं हाही उपचार असतो, हे पचायला छाती लागते.

अण्णांनीच त्याला बोलावलं. "पाटाची कड कच्ची असली की मी पाणी सोडत नसे. लोक शिव्या द्यायचे. बाईंना काम करू दे."

डॉक्टरबाई हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. नाकातल्या नळीने अन्न चालू होतं, हिमोग्लोबिन रोज पाहिलं जात होतं, पोट दोन्ही वेळा चाचपलं जात होतं. पाच दिवसांनी पोट जास्त दुखू लागलं. त्यांनी पुन्हा स्कॅन केला. गुठळी यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत शिरून आतड्याच्या शिरेच्या तोंडाशी आली होती. आता आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात होता. धमनीला मात्र कुठे फुगा नव्हता, रक्तस्रावाची खूणही नव्हती. त्याच संध्याकाळी हेपॅरिन सुरू झालं.

"तेव्हा तर नको म्हणाला होता," मुलगा म्हणाला.

"तेव्हा गुठळी इथवर आली नव्हती."

औषध पंपावर लावलं होतं. बंद केलं की काही तासांत त्याचा असर ओसरतो, म्हणून बाईंनी हेच निवडलं. "शौचाला काळं झालं, घाम फुटला, छाती धडधडली, तर क्षणभरही थांबू नका, हाक मारा," त्या मुलाला म्हणाल्या.

अण्णा पंपाकडे बघत होते. "रात्रीची पाळी कुणाची?"

मुलाने फोन खिशात टाकला आणि स्टूल खाटेजवळ ओढलं.