खोल पाण्यांतील डोळा



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायांतील 22 वें वचन प्रथम काढून वाचावें. तेथें प्रभूनें डोळ्याविषयीं शिकविलें आहे.

एक वृद्ध उपदेशक मला म्हणाले, “पाळकसाहेब, आमच्या वाडींत सात घरें. उपासना महिन्यांतून एकदां. मला वाचतां येतें तेंही अडखळत. आम्हांस उजेड थोडा, आम्ही काय पाहणार?” त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. तें आज देतों.

रात्रीं गोठ्यांत कंदील नेला असतां गाईचे डोळे चमकतात, हें तुम्हीं पाहिलेंच आहे. तिच्या डोळ्यांत दिवा नाहीं. डोळ्याच्या आंतील पडद्यामागें आरशासारखा एक थर आहे. जो उजेड पडद्यांतून निसटतो त्यास तो थर मागें फिरवितो, आणि तोच उजेड टिपण्याची दुसरी संधि पडद्यास मिळते. अंधेरीच्या पश्चिमेस वेसाव्याच्या बंदरावर कोळी बांधव जी मुशी उतरवितात, तिच्याही डोळ्यांत हीच योजना आहे.

त्या किनाऱ्यापासून फार दूर गेल्यावर अरबी समुद्र अतिशय खोल होतो. 200 मीटरांखालीं उजेड मंद व निळसर उरतो. 1000 मीटरांखालीं सूर्याचा प्रकाश पोहोंचतच नाहीं, कांहीं प्राण्यांच्या अंगांतून निघणारा क्षणिक उजेड तेवढा असतो. तरी तेथेंही पाहणारे डोळे आहेत! कित्येक माशांच्या डोळ्यांची बाहुली रुंद व भिंग मोठें असतें. कांहींचे डोळे नळीसारखे असून वरून येणाऱ्या मंद उजेडाकडे लागलेले असतात. पडद्यांत अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी दाट भरलेल्या असतात. 2019 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत अशा एका माशाच्या ठायीं, अंधुक उजेड टिपणारें द्रव्य घडविणारीं 38 जनुकें आढळलीं. मनुष्यास असें एकच आहे. मात्र यास मोलही पडतें. बहुतेक खोल पाण्यांतील माशांस रंगांचा थाट दिसत नाहीं. पुष्कळांस बारकावाही दिसत नाहीं. जें जगण्यास अवश्य, तेवढेंच त्यांस दिसतें.

बंधूंनो, ज्यानें त्या अंधारांतील जीवास विसरलें नाहीं, तो सात घरांच्या वाडीस विसरेल काय? उजेड किती आला एवढेंच पाहूं नका. आलेला उजेड वायां जातो कीं काय, हें पाहा. रविवारीं ऐकलेलें एक वचन सोमवारीं नांगरामागें चालतांना मनांत पुन्हां फिरवा. सायंकाळीं तेंच लेंकरांस सांगा. निसटलेला उजेड मागें फिरविणारा आरसा तो हाच. शहरांतील मंडळीपुढें पुस्तकें व प्रवचनें पुष्कळ आहेत. परंतु भर दुपारींही डोळे मिटून बसणारा आंधळाच राहतो.

ज्यानें खोल पाण्यांतील डोळा घडविला, तो आपलेही डोळे उघडो. आमेन.