बनियनमधला वैमानिक

गेल्या रविवारी दुपारी मी मुंबईच्या विमानतळावर प्रवासी विमान उतरवलं. अंगात बनियन, समोर चिरंजीवांचा कॉम्प्युटर आणि मांडीवर शेंगदाण्यांची वाटी. त्याआधी तीन विमानं अरबी समुद्राला अर्पण केली होती, ती गोष्ट अलाहिदा.

"बाबा, दर खेपेला १८० प्रवासी. एकूण ५४० गेले," चिरंजीवांनी हिशेब मांडला आणि एक कळ दाबली. सगळे पुन्हा आपापल्या जागेवर! सावित्रीला एका नवऱ्यासाठी केवढी पायपीट करावी लागली होती!

"उद्या खरा वैमानिक आजारी पडला, तर मी आहे," मी स्वयंपाकघराच्या दिशेने जाहीर केलं.

"अहो, आधी स्कूटर कुणाला न धडकता फाटकातून आत घ्या," सौ.चं उत्तर आलं.

आता ह्या लुटुपुटीच्या विमानाला हसू नये. अमेरिकेत एडविन लिंक ह्या गृहस्थांच्या घरचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्यांनी १९२९ साली ऑर्गनचे भाते वापरून जमिनीवरच डोलणारं विमान केलं. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्यात शिकले. आजही विमान कंपन्यांचे वैमानिक असल्याच यंत्रांत, अर्थात फार महागड्या, बसून संकटांचा सराव करतात. मग त्यांच्यात आणि माझ्यात उणं काय? फक्त शर्ट?

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानावर हंस आदळले आणि दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीत उतरवलं. १५५ च्या १५५ माणसं वाचली. पुढे चौकशीत हाच प्रसंग यंत्रात घडवून पाहिला. लगेच मागे वळलेल्यांपैकी काही जण सुखरूप विमानतळावर उतरले. मग एकदा आधी ३५ सेकंद जाऊ दिले आणि नंतर वळले, तर विमान धावपट्टीवर पोचलंच नाही. यंत्रात बसलेल्यांना काय होणार ते ठाऊक होतं. खऱ्या माणसाला आपल्यावर काय गुदरलंय हे कळायलाच वेळ लागतो.

हे वाचलं आणि मला माझा कॅश काउंटर आठवला. बँकेच्या प्रशिक्षण वर्गात आम्ही नोटांच्या आकाराचे कोरे कागद मोजायचो. माझी बोटं वर्गात सर्वांत चपळ. काउंटरवर पहिल्याच संध्याकाळी रोकड ५०० रुपयांनी कमी भरली. बोटं तीच, पण फेरमोजणीत थरथरत होती. पैसे खिशातून भरले. त्यापेक्षा मनाला लागलं ते निराळंच. कुणाला ५०० जास्त गेले, तसेच एखाद्या पेन्शनवाल्या आजींना कमीही गेले असते. त्या बिचाऱ्या घरी जाऊन स्वतःलाच वेंधळी म्हणाल्या असत्या.

तेव्हापासून पेन्शनच्या नोटा मी दोनदा मोजतो. माझी चपळाई वर्गातलीच आहे. काउंटरच्या पलीकडे कुणीतरी उभं आहे, ही जाणीव तेवढी नंतरची.

"बाबा, आणखी एक खेप?" चिरंजीवांनी विचारलं.

मी उठलो, शेंगदाणे बाजूला ठेवले आणि शर्ट चढवला. मनातल्या मनात त्या आजींना खिडकीजवळ जागा दिली.

विमान समुद्रातच गेलं. पण ह्या खेपेला, खरं सांगतो, कळ दाबायला माझा हात चटकन पुढे झाला नाही.