पाळीव जनावराविषयीचे कर्तव्य आणि करातील सूट

आपल्या कुत्र्यावर किंवा मांजरावर संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्या धन्यास सरकारने करात सूट द्यावी, असा विचार अमेरिकेत पुष्कळांनी मांडला आहे. वाचकांस प्रथमदर्शनी हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. मुक्या प्राण्याच्या प्रजननशक्तीवर आपला अधिकार कितपत, आणि जे करणे कर्तव्यच आहे त्याचा मोबदला मागावा काय, असे दोन जुने प्रश्न त्याच्या पोटात आहेत.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. बहुधा वर्षातून दोनदा ती माजावर येते आणि एका वेतात चार-सहा पिले सहज होतात. एवढ्या पिलांस घर कोठून मिळणार? मग ती गोणीत भरून बाजारात किंवा देवळाच्या पायऱ्यांवर सोडली जातात. देवळापाशी सोडले म्हणजे पाप देवाच्या हवाली झाले, अशी काहीशी समजूत असावी. आम्ही देवळाच्या आवारातच लहानाचे मोठे झालो. ऐन पावसाळ्यात पहाटे दार उघडताना ती ओली गोणी आम्ही अनेकदा पाहिली आहे आणि तिच्यातील किती पिले आठवड्यानंतर उरतात, तेही पाहिले आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे निसर्गात ढवळाढवळ, असा आक्षेप घेतला जातो. परंतु गळ्यात साखळी घालून, आपल्या सोयीच्या वेळी भाकरी घालून, आपण त्या प्राण्यास निसर्गातून केव्हाच बाहेर काढले आहे. आता निसर्गाचे नाव घेऊन केवळ पिलांची जबाबदारी झटकणे योग्य नव्हे. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार दिला, ही कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण तो कुत्रा एकटा होता, हेही ध्यानात असावे. तथापि आक्षेपकांच्या म्हणण्यात एक अंश खरा आहे. त्या प्राण्याची संमती आपण घेऊ शकत नाही. म्हणून भूल नीट द्यावी, जखमेची निगा राखावी, एवढे ऋण तरी आपल्यावर राहतेच.

आता मोबदल्याविषयी. आपल्या देशात २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव जनावराची लस व शस्त्रक्रिया ही धन्याची जबाबदारी ठरविली आहे. कायद्याने व नीतीने जे करावयाचेच, त्यासाठी बक्षीस कसले, असे कोणी विचारील. हा युक्तिवाद आम्हांस पूर्वी बिनतोड वाटे. परंतु धनी पुण्यबुद्धीने वागला की चार पैशांच्या लोभाने, याची चौकशी ते पिलू करीत नाही. धन्याचे पुण्य थोडे उणे झाले आणि गोणी टळली, तर तो सौदा वाईट नव्हे.

करसवलतीचा खरा दोष निराळाच आहे. सूट मिळते ती कर भरणारास. आपल्या आयकर कायद्यात अशी सवलत नाही. उद्या झाली तरी तिचा लाभ बंगल्यातील उंची जातीच्या कुत्र्याच्या मालकास होईल. बाजारातून परतताना गल्लीतल्या तीन कुत्र्यांपुढे उरलेली मासळी टाकणारी बाई आयकर भरीत नाही. तिला सूट कशातून देणार? आणि गल्लीतल्या कुत्र्यांस तर कागदोपत्री धनीच नाही. त्यांचा भार नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकला आहे. न्यूयॉर्क शहरात शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या परवान्यास साडेआठ डॉलर आणि न झालेल्यास ३४ डॉलर पडतात. ही रीत आम्हांस अधिक न्याय्य वाटते. जो गावावर भार टाकू पाहतो त्यानेच जादा द्यावे. न्यू हॅम्पशायर राज्यात तर परवान्यांवरील अधिभारातून गरिबांच्या जनावरांच्या शस्त्रक्रियेस साहाय्य दिले जाते.

जवळचे उदाहरण पाहावे. २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. ते माणसांनी घरोघर आणि गल्लोगल्ली फिरून, जाळ्यांनी कुत्री धरून त्यांस लस टोचल्यामुळे. कोणास करात सूट दिल्यामुळे नव्हे. पैसा धन्याच्या खिशात न घालता कामावरच खर्चावा, असे आमचे मत यावरून बनले आहे.

आपल्या देवस्थानाच्या वार्षिक अंदाजपत्रकातही या कामासाठी एक लहानशी रक्कम असावी, असे आम्ही महाजनांस सुचवितो. देवाचा पैसा कुत्र्यांवर का, असे काहीजण म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे सभेत ऐकून घ्यावे. तूर्त आवारात दोन कुत्री आहेत. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस त्यांस कोरड्या जागी बांधून खाऊपिऊ घालावे लागेल. ती जागा कोणाच्या अंगणात, हे ठरावयाचे आहे.