ईर्षा हवी, शिवी नको

कोल्हापुरात फुटबॉल वाढवला तो तालमींनी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं इथं संघांचीही नावं आहेत. शाहू स्टेडियमवर यांच्यातला सामना लागला की गॅलरीतही टोमण्यांची जुगलबंदी रंगते. पेठेपेठेतली ही ईर्षा नसती तर इथल्या फुटबॉलला एवढी गर्दी झालीच नसती. पण टोमणा आईबहिणीवर घसरला की खेळ बाजूला राहतो आणि हाणामारी सुरू होते, हेही या शहरानं पाहिलं आहे. फुटबॉलच्या बाराव्या नियमात शिवराळ, अपमानकारक भाषेला थेट लाल कार्ड आहे, ते उगीच नव्हे.

याच पेठांमधली पोरं आता रात्री मोबाइलवर बीजीएमआय हा लढाईचा ऑनलाइन खेळ खेळतात. तिथंही शिवीगाळ केली तर आवाज बंद होतो, खातं काही दिवस गोठतं, कधी कायमचं जातं. ‘खेळात एवढं चालायचंच,’ अशी यावर तक्रार असते. कंपन्यांना संस्काराचा पुळका आलेला नाही, हे खरंच. शिव्या खाऊन नवा खेळाडू निघून गेला की त्यांचं गिऱ्हाईक जातं. पण खेळाचंही नुकसान होतंच. चौघांच्या संघात एकाला झापलं की तो बोलायचा थांबतो. शत्रू कुठल्या बाजूनं येतोय हे मग सांगणार कोण? मुली तर कित्येकदा माइक बंद ठेवूनच खेळतात.

‘लीग ऑफ लेजंड्स’ हा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या रायट गेम्स कंपनीला आपल्या खेळात एक गोष्ट आढळली. बहुतेक शिवीगाळ सराईत शिवराळांची नसते, एरवी नीट वागणाऱ्यांचा त्या दिवशी तोल गेलेला असतो. शिक्षेसोबत ‘तू हे बोललास’ असं दाखवलं, तर बरेच जण सुधारतात. तालमीत हे काम वस्ताद करतो. पोरगं कुणाचं, हे त्याला ठाऊक असतं आणि पोरालाही त्याची भीड असते. ऑनलाइन खेळात नाव खोटं, समोरचा परगावचा; भीड उरतच नाही. तिची जागा लेखी नियमाला घ्यावी लागते.

मात्र नियम राबवण्याचं बरंच काम यंत्राकडे असतं आणि यंत्राला प्रसंग कळतोच असं नाही. कोल्हापुरात जिवलग मित्राला शिवी हासडल्याशिवाय गप्पा सुरू होत नाहीत. तीच शिवी अनोळखी माणसाला दिली की अपमान होतो. शब्द तोच असला, तरी ऐकणारा कोण यावर गुन्हा ठरतो. म्हणून शिक्षेवर दाद मागायची सोय हवी आणि ती ऐकायला मराठी समजणारा माणूस हवा.

तरीही कंपनीच्या नियमाची वाट पाहायची गरज नाही. आपल्या संघातला एखादा घसरला, तर त्याला तिथल्या तिथं ‘भावा, बास’ म्हणावं. तालमीच्या गावातल्या पोरांना एवढं जमायलाच हवं.