फुकट सल्ला

मराठी माणसाला एक वेळ नोकरी मिळणार नाही. पण सर्दी झाली, की सल्ला मिळालाच म्हणून समजा! आमच्या सोसायटीत तळमजला आलं-गवती चहाच्या काढ्याचा, पहिला मजला हळद-दुधाचा. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, "काही घेऊ नका हो, आठवड्यात आपोआप जाते." बहुधा त्यांचंच खरं असतं, म्हणूनच त्यांना कोणी विचारत नाही.

आता प्रश्न असा, की सल्ला देणं हा परोपकार, की नुसती जिभेची खाज?

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं थैमान घातलं. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. म्हटलं तर सल्ला एवढाच, की पाजत राहा. पण देणारा तिथं पाय रोवून उभा होता, आणि घेणारे उशाशी पेला धरून बसले होते.

तेव्हा सल्ल्याबरोबर दोन हात येतात का, ते पाहावं. नुसतं तोंडच आलं असेल, तर नमस्कार करून चहा पाजावा. आजाऱ्यानं काय घ्यावं, हे शंभरजण सांगतात. "वहिनी, तुम्ही जरा पडा, आज रात्री मी बसतो," म्हणणारा एखादाच. त्याचा काढा कितीही कडू असो, निमूट प्यावा.